द्वारका हलत नाही

मखमलाबादच्या मळ्यात गोटीराम तात्यांचं एक पत्र्याचं शेड होतं. झेंडूच्या हंगामात त्यात फुलांचा ढीग पडायचा, टोमॅटोच्या हंगामात जाळ्या रचल्या जायच्या, आणि उरलेल्या वेळात तिथे तात्यांचा धाकटा मुलगा कुंदन फंक नावाचं परदेशी संगीत वाजवायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. आवाज बाहेर जायचा तो गेलाच. वर लोक तात्यांना विचारू लागले, की फुलशेती सोडून कोंबड्या कधी घेतल्या.

फंक म्हणजे काय, हे कुंदन कोणालाही समजावून सांगायला तयार असे. समोरच्याने विचारलंच पाहिजे अशी अट नव्हती. एकदा त्याने तात्यांनाही सांगितलं होतं. "पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी मिळून पडायचं, आणि मग मधे जागा मोकळ्या सोडायच्या. आपण जे वाजवत नाही ना तात्या, तेच खरं संगीत."

"वाजवायचं नाही, तर चार माणसं कशाला लागतात?" तात्या म्हणाले. "एकटाच बस की गप."

त्या वेळी बँडमध्ये खरंच चार माणसं होती. बँडचं नाव 'गोदा फंक'. कुंदन गिटार वाजवायचा. एरवी इंदिरानगरला तो मुलांना गिटार शिकवत असे. ड्रमवर समाधान होता. तो अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि पाळी नसेल तेव्हा जे हाताशी येईल ते बडवायचा. गाणारी स्नेहा, पेठच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आणि बेस गिटारवर बुद्धभूषण, तहसील कचेरीतला कारकून. बुद्धभूषण इतका कमी बोलायचा, की त्याचं आणि कुंदनचं उत्तम जमायचं.

या चौघांचा अल्बम निघणार होता. नाव पहिल्याच बैठकीत ठरलं होतं: 'अस्सल'. गाणी नंतर आली.

त्यातलं मुख्य गाणं 'द्वारका'. समाधानच्या भावाच्या पिकअपमधून सामान घेऊन चौघं सिन्नरहून परत येत होते, ते नाशिकच्या द्वारका चौकात अडकले. पुढे ट्रक, मागे बस, मधे एका रिक्षावाल्याचं आणि टेम्पोवाल्याचं एकमेकांच्या घराण्याविषयी बोलणं चाललेलं. कुंदन वैतागून तोंडानेच गिटारचा एक तुकडा वाजवू लागला. समाधानने डॅशबोर्डवर ठेका धरला, बुद्धभूषणने काचेवर बोटं आपटली, आणि स्नेहा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हलत नाही, हलत नाही, द्वारका काही हलत नाही." चौक सुटला तेव्हा गाणं तयार होतं.

पुढे कुंदन ही हकिकत सांगायचा तेव्हा पिकअपमधली माणसं कमी कमी होत गेली. शेवटी शेवटी तो एकटाच अडकलेला असे, आणि मग गाडी कोण चालवत होतं, हे ऐकणाऱ्याने विचारू नये एवढीच अपेक्षा असे.

पण त्या तुकड्यापुरतं बोलायचं तर तो कुंदनचाच होता, आणि चांगला होता. ते मान्य करायलाच हवं. त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. मार्केटमध्ये तात्यांच्या झेंडूला नाव होतं. क्रेट उघडायच्या आधीच व्यापारी म्हणायचे, हा गोटीरामचा माल. कुंदनने पस्तिशी गाठली, तरी जगातली कोणतीही वस्तू बघून कोणी 'हे कुंदनचं' म्हटलं नव्हतं. कुठेतरी हे गाणं वाजावं आणि एखाद्या अनोळखी माणसाने म्हणावं, हे कुंदनचं. त्याला एवढंच हवं होतं. माणसाला एवढंच हवं असलं, की त्याच्या जवळ उभं राहू नये.

पहिला गेला समाधान. गेला म्हणजे काय, एका शनिवारी तो सरावाला आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या कानामागे हळद होती.

"कुठे होतास?" कुंदनने विचारलं.

"सायखेड्याला. निवृत्तीशेठच्या बँजो पार्टीत. त्यांचा माणूस आजारी पडला होता, म्हटलं भागवू एक हळद."

"हळद," कुंदन म्हणाला. त्याने तो शब्द चिमटीत धरून लांब केल्यासारखा उच्चारला. "समाधान, आपण कलाकार आहोत."

"मग? हळदीत काय कसाई वाजवतात?"

"तिथे ऐकतं कोण तुला?"

"ऐकत नाहीत. नाचतात."

स्नेहा हसली. हे हसणं कुंदनने लक्षात ठेवलं. त्याने समाधानला निवड करायला सांगितली: फंक की बँजो. समाधानने थोडा विचार करून विचारलं, की पाळी सांभाळून दोन्ही जमत असेल तर निवड कशाला. कुंदन म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. समाधानने मान डोलावली, ड्रमच्या काठ्या मागच्या खिशात खोचल्या आणि जाता जाता म्हणाला, "तत्त्व ठीक आहे रे, पण तू दुसऱ्या गाण्यात ठोक्यापुढे पळतोस. तेवढं बघ."

त्याच दिवशी कुंदनने नियम केला: जो बँड सोडेल, त्याचा आवाज अल्बममध्ये राहणार नाही. लॅपटॉप उघडून त्याने समाधानचे सगळे ट्रॅक पुसले. निवडायचे, उचलायचे, टाकायचे. ज्या कामाला महिने लागले होते ते चहा निवायच्या आत निघून गेलं. त्या जागी त्याने संगणकातले ड्रम बसवले. ते कधीही हळदीला जात नसत.

मग स्नेहाची पाळी आली. तिच्या आवाजात वेदना नाही, असं कुंदनला हल्ली वाटू लागलं होतं. संगणकाच्या ठोक्यावर ती 'हलत नाही' म्हणायची आणि हा हात वर करून थांबवायचा.

"अजून खोलातून. फंकच्या मुळाशी दुःख आहे, स्नेहा. पिढ्यान् पिढ्यांचं."

"पिढ्यान् पिढ्यांचं दुःख मला कोणी शिकवायची गरज नाही," स्नेहा म्हणाली. "ते घरचं आहे. पण हे गाणं ट्रॅफिकचं आहे."

"तेच. ट्रॅफिक हे प्रतीक आहे."

"कशाचं?"

"ते गाताना सापडायला हवं," तो म्हणाला.

"कुंदन, चौथीच्या पोरांना भागाकार शिकवून आले आहे मी. वेदना तिथे भरपूर होते. इकडे मी त्यावर उतारा म्हणून येते." तिने पाण्याची बाटली पिशवीत टाकली. "आणि ते तुझे डबे ड्रम आहेत ना, त्यांच्यासमोर गायचं म्हणजे बँकेच्या मशीनशी भांडल्यासारखं वाटतं. समाधान बोलावतोय सायखेड्याला. जाऊन बघते."

तिचाही आवाज पुसला गेला. पुसताना कुंदन जरा थबकला, कारण 'काही' या शब्दावर ती आवाज किंचित उशिरा टाकायची आणि ते फार गोड वाटायचं. मग नियम आठवून त्याने तेही टाकलं.

बुद्धभूषण मात्र येत राहिला. कचेरी सुटली की बेस पाठीला लावून, स्कूटरवरून, इमानेइतबारे. कुंदनला वाटलं, हा खरा. एक दिवस त्याने त्यालाही सांगितलं, की ड्रम बदलल्यामुळे तुझा बेस आता जुळत नाही, सगळा नव्याने वाजवावा लागेल.

"कुणाबरोबर?" बुद्धभूषणने विचारलं.

"संगणकाबरोबर. आहे ना ठोका."

बुद्धभूषणने कानाला हेडफोन लावले, बराच वेळ ठोका ऐकला, आणि काढून ठेवले. "हा माझं ऐकत नाही," तो म्हणाला.

"तो ड्रम आहे, बुद्धभूषण. त्याने कशाला ऐकायचं? तू त्याचं ऐकायचंस."

"समाधान ऐकायचा."

त्या महिन्यातलं त्याचं हे सर्वांत लांब भाषण होतं. मग तो वायर गुंडाळू लागला. कोपरावरून अंगठ्याकडे, अंगठ्यावरून कोपराकडे, एक वेढा दुसऱ्यावर चढणार नाही अशा बेताने. कुंदनने तेवढ्या वेळात तीन वेगवेगळ्या प्रकारे त्याला थांबवायचं ठरवलं आणि शेवटी "दार ओढून घे" एवढंच म्हणाला.

आता 'गोदा फंक' शुद्ध झाला. त्यात कुंदन होता.

बेस त्याने स्वतःच वाजवला. पण संगणकाचा ठोका त्यालाही मनातून खटकू लागला होता, म्हणून त्याने दोन नवी माणसं घेतली. मोहिनी ही कॉलेज रोडच्या क्लासमध्ये ड्रम शिकलेली मुलगी. त्याआधी ढोल पथकात होती, मनगट दणकट. दीपमाला ही गाणारी. सुगम संगीताच्या परीक्षा दिलेली, वेळेवर येणारी, न हसणारी. दोघीही त्याला 'सर' म्हणत. कुंदनला बँडमध्ये इतकी शांतता पूर्वी कधी लाभली नव्हती.

त्याने दोघींना गाण्याचे शब्द दिले, आपली गिटार ऐकवली आणि सांगितलं, "आठ दिवसांत बसवून या. जुनं काही ऐकू नका. जुनं मी ठेवलेलंच नाही."

आठ दिवसांनी दोघी आल्या आणि एकत्र उभं राहून 'द्वारका' सलग वाजवलं. कुंदन हेडफोन लावून ऐकत होता. गाणं धावत निघालं, आणि तिसऱ्या फेरीनंतर अचानक दोघी थांबल्या. अगदी थांबल्या. ना ठोका, ना आवाज. शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता तो ऐकू आला. आता चुकल्या असं कुंदनला वाटेपर्यंत मोहिनीने काठी खाली आणली आणि गाणं असं काही उसळलं, की त्याच्या पाठीवर काटा आला. 'काही' हा शब्दसुद्धा दीपमालाने किंचित उशिरा टाकला होता.

"ती जागा," तो हेडफोन काढत म्हणाला. "ती जी सोडलीत."

"चुकली का सर?" मोहिनीने विचारलं.

"चुकली? फंक म्हणजे हेच. हे मी तुमच्याकडून काढून घेऊ शकलो, याचं मला समाधान आहे."

मोहिनीने दीपमालाकडे बघितलं. दीपमालाने शब्दांच्या कागदाकडे बघितलं. सर खूश होते, तेव्हा दोघी पुढच्या गाण्याला लागल्या.

कुंदनने स्वतःची गिटार आणि बेस मात्र आधीच वाजवून ठेवले होते, आणि ते त्या जागेतून सरळ पुढे गेले होते. ते त्याने संगणकावरच कापले. ना हात उचलावा लागला, ना श्वास धरावा लागला. कात्रीच्या चित्रावर बोट ठेवलं, झाली शांतता.

त्यानंतर एका स्थानिक वाहिनीने त्याची मुलाखत घेतली. वाहिनी म्हणजे एक तरुण, एक फोन आणि गंगापूर रोडवरच्या कॅफेतली खुर्ची. तरुणाने त्या थांबण्याविषयी विचारलं. कुंदनने कपाळावरचे केस मागे सारले.

"ती शांतता मला बरीच वर्षं शोधत होती," तो म्हणाला. "आपण नाशिककर नदीला गंगा म्हणतो आणि तिच्याकडे पाठ करून राहतो. तो जो तुटलेला संवाद आहे, तो मी त्या जागेत ठेवलाय. कोणाला ते जाणवेल, कोणाला नाही."

"आणि आधीच्या वादकांचं काही योगदान?"

"माणसं येतात, जातात. आवाज एकाचाच असतो."

मुलाखत आणि अल्बम एकाच सकाळी लोकांसमोर आले. मुखपृष्ठावर द्वारका चौकात पाठमोरा उभा कुंदन, एकटा, मागे ट्रॅफिक. शब्द, संगीत, वादन, संयोजन: कुंदन. मोहिनी आणि दीपमाला यांची नावं 'साहाय्य' म्हणून होती, मुंगीने वाचावी एवढ्या अक्षरांत.

संध्याकाळी शेडमध्ये अल्बम ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला होता. कुंदनचे चार गिटारचे विद्यार्थी आले, त्यांचे पालक आले, मोहिनी आणि दीपमाला आल्या. नवसाबाईंनी म्हणजे कुंदनच्या आईने आपल्या बाजूने सायखेड्याची नणंद मालनबाई आणि मळ्यावर फुलं तोडायला येणाऱ्या बायका बोलावल्या, कारण पोहे फार झाले होते. बायका मागे, उलट्या घातलेल्या जाळ्यांवर बसल्या. कुंदनने फंकविषयी दोन शब्द बोलायचे म्हणून बरेच शब्द बोलून घेतले आणि 'द्वारका' लावलं.

पहिल्या फेरीलाच मागच्या बायकांचे पाय हलू लागले. कुंदनला बरं वाटलं. त्याने डोळे मिटले. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, आणि ती जागा आली.

त्या शांततेत मागून बारा-पंधरा बायकांचा एकच आवाज उठला: "हळऽद!"

कुंदनने डोळे उघडले. सगळ्या बायकांनी उजवा हात पुढे केला होता, आणि त्याच्या आईने तर शेजारणीच्या गालावर पोह्यांचा हात फिरवला होता. गाणं पुन्हा उसळलं. बायका हसत होत्या. त्याने गाणं बंद केलं.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? तिथं हळद लावायची अस्ती ना," नवसाबाई म्हणाल्या. "ती हळदीची जागा हे."

"कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्या हळदीत हेच तर गाणं असतंय. सिन्नरपासून पार सायखेड्यापातूर."

मालन आत्याने पदर सावरला. "सिन्नरच्या हळदीत झालं ना रे ते. तुझा तो समाध्या वाजवित होता, आन् नवऱ्याच्या मावशीनं येऊन त्याच्या डोळ्यावरच फासली हळद. त्याला दिसंना, तो थांबला. तो थांबला म्हून ती मास्तरीण थांबली, तो तुमच्यातला मुका पोरगा थांबला. तेवढ्यात बायांनी एकमेकीला फासून घेतली. त्यानं डोळे पुसले आन् जो ठोका दिला म्हंते, लय मजा आली. तवापासून दर हळदीत तिथं थांबत्यात. लोक थांबायलाच लावत्यात."

एका विद्यार्थ्याच्या वडिलांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. कुंदन मोहिनीकडे वळला.

"मोहिनी, तू हे कुठून बसवलंस?"

"व्हिडिओ बघून, सर," मोहिनी म्हणाली. "निवृत्तीशेठच्या पार्टीचे ढिगाने आहेत. गाणं मिळेना कुठे दुसरीकडे. जुनं तुम्ही पुसलेलं होतं, मग ऐकायचं काय?"

"मीसुद्धा त्याच बाईंचं ऐकून बसवलं," दीपमाला म्हणाली. "त्या 'काही' छान म्हणतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, हे तुम्ही आमच्याकडून काढून घेतलंत," मोहिनी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कुंदनने फोन बघितला. मुलाखतीखाली लोक लिहीत होते. नदीच्या तुटलेल्या संवादाविषयी एकाने लिहिलं होतं, 'दादा ती हळद आहे.' दुसऱ्याने, 'बँजोवाल्यांचं चोरलं आणि वरून भाषण.' तिसरा नुसता हसला होता, चांगला ओळभर. ज्या गाण्यासाठी त्याने तीन माणसं घालवली, ते गाणं त्याने त्या तीन माणसांकडून चोरलं, असं आता जिल्ह्याचं मत होत होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते मत पुरतं खोटं नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस मला," तो आईला म्हणाला.

"तुला हळदीचं नाव काढल्यालं चालतं का? तोंड वाकडं होतं तुझं."

"परवा ये की सायखेड्याला," मालन आत्या म्हणाली. "आमच्या फकिराच्या पोराची हळद हे. समाध्याच वाजवणारे. समोरासमोर काय ते बोलून घे."

कुंदन गेला. गिटार बरोबर घेतली, कारण पुरावा लागला तर हाताशी असावा. वाटेत त्याने मनातल्या मनात बोलणं पक्कं केलं: तो माइक मागून घेणार, आणि सगळ्यांसमोर सांगणार, की हे गाणं कुंदनचं आहे. भांडण नाही. एक वस्तुस्थिती.

सायखेड्यात फकिराच्या अंगणात मांडव होता. ऊन कलत आलं होतं. रंग लावलेल्या टेम्पोवर बँजो पार्टी बसली होती: निवृत्तीशेठ स्वतः बँजोवर, मागे समाधान, कडेला बुद्धभूषण, पुढे स्नेहा. चौघांनीही चमकी लावलेले जांभळे कोट घातले होते. असला कोट घालायचा झाला तर आपण फंक सोडू, असं कुंदनला वाटलं. मग आठवलं, की ज्या परदेशी फंकवाल्यांची चित्रं त्याच्या भिंतीवर होती त्यांचे कोट याहून भडक होते.

मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारा बसला होता. टोपीला हळदीचा हात लागलेला. तो टेम्पोकडे बघून मोठ्याने म्हणाला, "ए, कुंदनचं लावा आता. कुंदनचं."

कुंदनच्या छातीत काहीतरी जागेवरून हललं. तो म्हाताऱ्याजवळ बसला.

"बाबा, कोणतं म्हणालात?"

"ते रे, हलत नाय, हलत नाय. कुंदनचं हे ते. तो ढोलकं बडवणारा सांगतो ना दर बारीला माइकवर, हे गाणं आमच्या कुंदनचं, मखमलाबादच्या."

"दर वेळी सांगतो?"

"दर बारीला. त्या व्हिडीवात नसंल येत. गाणं लागल्याबिगर पोरं फोन काढीत नाय."

मुखपृष्ठावरची मुंगीची अक्षरं कुंदनच्या डोळ्यांपुढे आली आणि जाईनात. तरीही ज्या वाक्यासाठी आयुष्य घालवलं ते वाक्य समोर बसलं होतं, टोपी घालून. त्याला राहवलं नाही.

"बाबा, कुंदन कोण, माहीत आहे का तुम्हाला?"

"वारला तो," म्हातारा म्हणाला.

"वारला?"

"द्वारकेला. गाडीखाली. म्हून तर तसं गाणं केलं. आन् मधी थांबत्यात ना, ते त्याच्यासाठीच. लोक आपली हळद लावून घेत्यात, पण मूळ कारण ते." म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. "चांगला व्हता म्हंत्यात."

"बाबा, मीच कुंदन."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सिन्नरला एक जण असाच म्हनत व्हता," तो म्हणाला. "त्याला प्यायला दिली मग घरी गेला."

तेवढ्यात समाधानने टेम्पोवरून कुंदनला पाहिलं. त्याने काठी वर केली. "अरे, कुंदनशेठ. गिटार आणलीस? ये वर. निवृत्तीशेठ, आपला माणूस आहे."

"अल्बम ऐकला बरं का," स्नेहा म्हणाली. "ती मुलगी 'काही' चांगलं म्हणते. वेदना सापडलेली दिसते."

"स्नेहा, मी ते..."

"वर ये आधी. खालून बोलू नको, लोकांना वाटेल वर्गणी मागतोयस."

माइक तिच्या हातात होता. मागितला असता तर तिने दिला असता. कुंदन टेम्पोवर चढला, आणि काय बोलायचं ठरवलं होतं ते त्याला आठवत होतं, फक्त ते कोणाला सांगायचं ते समजेना. बुद्धभूषणने आपल्या शेजारी जागा केली आणि त्याच्या गिटारची वायर जोडून दिली. समाधान माइककडे वाकला. "हे गाणं आमच्या कुंदनचं, मखमलाबादच्या," तो म्हणाला, आणि पुढचं काही सांगायच्या आत मांडवाने आरोळी ठोकली. समाधानने ठोका दिला.

कुंदनने तो तुकडा वाजवायला घेतला. पहिल्याच ठोक्यावर चौघं एकत्र पडले, आणि त्याला कळलं, की वर्षभर तो एका खोलीत एकटाच धावत होता. समाधान त्याच्याकडे बघत होता. तो पळू लागला की समाधान नुसती भुवई उचलायचा, आणि हा जागेवर यायचा. बायका नाचत होत्या, फकिराचा पोरगा पाटावर पिवळा होऊन बसला होता आणि तोही खांदे उडवत होता. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीत कुंदनला वाटलं, आपण आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलेलं नाही. त्याने डोळे मिटले.

आणि सगळे थांबले, तेव्हा तो वाजवत राहिला.

ज्या जागेविषयी त्याने मुलाखत दिली होती त्या जागेतून त्याची गिटार एकटी, खणखणीत, टेम्पोच्या दोन्ही भोंग्यांतून सायखेडाभर गेली. ती जागा त्याने कापली होती. सोडली कधीच नव्हती. त्याने डोळे उघडले. मांडवातल्या सगळ्या बायका हळदीचे हात पुढे करून तशाच उभ्या होत्या. लावावी की नाही, कोणालाच समजत नव्हतं. मालन आत्याने कपाळाला हात लावला, आणि तो हळदीचा निघाला.

निवृत्तीशेठनी बँजो मांडीवर ठेवला. समाधानने माइक तोंडाशी ओढला.

"मंडळी, गिटारवर पाहुणे नवीन आहेत," तो शांतपणे म्हणाला. "सांभाळून घ्या. पहिल्यापासून घेऊ."

मांडव हसला आणि पुन्हा तयार झाला. बुद्धभूषण कुंदनकडे थोडा झुकला. "माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "मी थांबलो की थांब."

समाधानने काठ्या वाजवून मोजायला सुरुवात केली. खांबाजवळचा म्हातारा शेजारच्याला सांगत होता, आणि ठोका पडायच्या आधीच्या त्या क्षणभरात ते कुंदनला स्वच्छ ऐकू आलं.

"गिटारवाला कच्चा हे," म्हातारा म्हणत होता. "कुंदन असता तर थांबला असता."